शिरपाव की शिरपेच?

‘शिरपाव’ आणि ‘शिरपेच’ हे शब्द एकच आहेत का, आणि मानाचा तुरा यांपैकी कशात खोवावा, असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे. तुरा शिरपेचातच खोवावा. शिरपेच हा पगडीवरचा रत्नजडित दागिना असून जुन्या शिरपेचांच्या पाठीशी पीस बसवण्यासाठी बारीक नळी केलेली आढळते. असे असताना सत्कारसमारंभांतून ‘शिरपावात तुरा’ वारंवार ऐकावा लागतो, याचे वाईट वाटते. ‘पेच’ म्हणजे वेढा. ‘डावपेचा’तला पेचही तोच.

शिरपावाची गोष्ट मोठी आहे. ‘शिरावर पावलेला’ अशी त्याची फोड करणारे जाणकार सपशेल चुकतात, कारण त्यातला ‘पाव’ म्हणजे पाय. फारसी ‘सरापा’, अर्थात डोक्यापासून पायांपर्यंतचा पोशाख, हे त्याचे मूळ होय. मोगल दरबारात मानाने दिल्या जाणाऱ्या साध्या शिरपावात पगडी, जामा आणि कमरबंद अशी तीन वस्त्रे असत. पाच नगांचा मान मिळाला, तरच त्यांत पगडीवर बांधायचा बालाबंद आणि शिरपेच यांची भर पडे. म्हणजे शिरपेच हा वरच्या दर्जाच्या शिरपावाचा एक भाग झाला.

आता ‘सर’चा ‘शिर’ का झाला? माझ्या मते जेथे खरोखरीचे मस्तक अभिप्रेत होते तेथे मराठीने आपला ‘शिर’ बसवला, आणि जेथे केवळ प्रमुखपद होते तेथे, सरदार आणि सरलष्कर यांप्रमाणे, ‘सर’ तसाच ठेवला. ‘शिरस्ता’ (मूळ फारसी ‘सररिश्ता’) पुढे करून हे मत खोडणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की तेथे ‘सर’ म्हणजे दोऱ्याचे टोक आहे, पद नव्हे. शिवाय फारसी ‘सर’ आणि संस्कृत ‘शिरस्’ ही एकाच घरची भावंडे असल्याने मराठीने परका शब्द मोडला नाही, त्याला त्याच्या भावाचे नाव दिले.

मला सर्वांत प्रिय आहे ती मात्र शिरपावाच्या अरबी प्रतिशब्दाची, ‘खिलत’ची व्युत्पत्ती. त्याच्या धातूचा अर्थ ‘अंगातून उतरवणे’ असा आहे. राजाने स्वतःच्या अंगावरचे वस्त्र उतरवून दुसऱ्याला द्यावे, ही त्यामागची मूळ कल्पना. म्हणूनच बादशहाने स्वतः वापरलेल्या ‘मलबूस-ए-खास’ला सर्वांत अधिक मान होता. असे वस्त्र अंगावर चढवणे म्हणजे देणाऱ्याचे धनीपण सर्वांसमक्ष मान्य करणे. 12 मे 1666 रोजी आग्र्याच्या दरबारात शहजाद्यांना, वजिराला आणि जोधपूरच्या राजा जसवंतसिंहाला खिलती मिळाल्या, पण शिवाजी महाराजांना मिळाली नाही. महाराज संतापून बाजूला झाले, तेव्हा त्यांची समजूत काढण्यासाठी बादशहाने सरदारांहाती खिलत पाठवली, आणि ती अंगावर घेण्यास महाराजांनी साफ नकार दिला.