प्रयोगशाळेत होतं ते संशोधन आणि बाकीचं नुसतं वाचन, हे खरं आहे का?

प्रश्न विचारणारे बडोद्यातच बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहेत, विषय रसायनशास्त्र. त्यांना पुढे इतिहासाकडे वळायचंय. घरचे म्हणतात, 'संशोधन प्रयोगशाळेत होतं, बाकीचं नुसतं वाचन.' दोन्हींत खरा फरक किती आणि वळावं की नाही, असं त्यांनी विचारलंय.

'नुसतं वाचन' हे शब्द मी दांडिया बाजारातल्या आमच्या घरात, ताटावर बसलेली असताना, काकांच्या तोंडून ऐकलेत. म्हणून लिहिते आहे. थोडं लांबेल.

काका एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते. ब्युरेटची तीन रीडिंगं ०.१ मिलीच्या आत जुळल्याशिवाय त्यांनी कधी कागदावर सही केली नाही. मी गायकवाडी काळातल्या मोडी कागदांवर पीएचडी करत होते. त्या आठवड्यात एका संस्थेकडे अनुदानासाठी केलेला माझा अर्ज नामंजूर झाला होता. अर्जात 'लागणारी उपकरणे' असा रकाना होता. मी लिहिलं होतं: भिंग, कॅमेरा, टेबलदिवा. मुलाखतीत समितीतल्या एका सदस्यांनी तो रकाना मोठ्याने वाचला आणि विचारलं, 'मग पैसे कशाला हवेत?' पैसे हवे होते ते प्रवासाला, छायाचित्रांना आणि माझ्याबरोबर कागद वाचणाऱ्या दोघांच्या मानधनाला. हे सगळं पुढच्या पानावर लिहिलेलं होतं. ते पान उलटलंच गेलं नाही.

घरी सांगितलं तर काका म्हणाले, 'त्यांचं काय चुकलं? तू जुने कागद वाचतेस. वाचन चांगलंच आहे, पण त्याला संशोधन म्हणू नकोस.' मी चिडले. मग त्यांनी जो प्रश्न विचारला, तो मात्र माझ्या डोक्यातून आजपर्यंत गेलेला नाही. 'मी चुकलो तर दुसऱ्या शिफ्टमधला माणूस तोच नमुना लावून मला सांगतो. तू चुकलीस तर तुला सांगणार कोण?'

त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढे ते एका किडक्या कागदाने दिलं.

रुमाल, म्हणजे जुने कागद बांधून ठेवलेलं कापडी गाठोडं, सोडला की आतले कागद कसे निघतात हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. कागद होता एका गावाच्या महसुलाच्या सुटीचा, म्हणजे माफीचा. पाऊस नाही, रयत परागंदा, सबब बाकी सोडावी, असा मजकूर. वर्ष सुहूर सनात होतं. हा सन अरबी संख्यांच्या शब्दांत लिहितात: सलास म्हणजे तीन, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. कागदावर 'सलास' स्वच्छ वाचता येत होतं, 'मया व अलफ'ही येत होतं. मधला दशकाचा शब्द कसरीने खाल्लेला. शेवटचं 'सैन' तेवढं उरलेलं. आता 'खमसैन' असेल तर पन्नास आणि 'तिसैन' असेल तर नव्वद. म्हणजे साल ११५३ किंवा ११९३. सुहूर सन मृग नक्षत्राला सुरू होतो, म्हणून इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पहिलं वाचन धरलं तर १७५२-५३, दुसरं धरलं तर १७९२-९३. एक-दोन अक्षरं किडीने खाल्ली आणि चाळीस वर्षांची दरी पडली.

मला १७५२-५३ हवं होतं. स्पष्टच सांगते, हवं होतं. माझ्या प्रबंधातलं प्रकरण दमाजीराव गायकवाड आणि पेशवे यांच्यातल्या गुजरातच्या वाटणीवर होतं आणि हा कागद त्यात चपखल बसत होता. मी तसं लिहूनही टाकलं होतं.

मग काकांचा प्रश्न आठवला. कागदाच्या शेवटी तिथी होती आणि तिच्यापुढे 'मंदवासरे', म्हणजे शनिवार. दोन्ही वर्षांत त्या तिथीला कोणता वार पडतो ते काढता येतं. मी जुन्या तिथी-वारांची जंत्री घेऊन बसले. काका तेव्हा निवृत्त झाले होते, दुपारी मोकळेच असायचे. त्यांनी माझ्या हातातून पेन्सिल घेतली आणि पाठकोऱ्या कागदावर स्वतः हिशेब मांडला. एकदा, मग ताळा पाहायला उलटा, मग तिसऱ्यांदा नव्या कागदावर. पंचांगाच्या गणितात एका दिवसाचा फरक चालवून घ्यावा लागतो, त्याहून जास्त नाही. ११९३ ला शनिवार नेमका आला. ११५३ ला वार तीन दिवस चुकत होता. शिवाय मी तो कागद माझ्याबरोबर वाचणाऱ्या दोघांकडे, माझं वाचन न सांगता, वेगवेगळा पाठवला. उरलेल्या शाईच्या टोकावरून दोघांनीही 'तिसैन' सुचवलं.

माझ्या प्रकरणातली चार पानं गेली. पण कागद १७९२-९३ चा ठरल्यावर त्याचा अर्थच बदलला. १७९१-९२ चा कवटीचा दुष्काळ म्हणतात तो नुकताच होऊन गेला होता. त्या वर्षांतल्या अवर्षणाचा संबंध हवामानाचे अभ्यासक पॅसिफिकमधल्या लांबलेल्या एल निन्योशी लावतात. भारतीय हवामान खातं स्थापन झालं १८७५ साली. त्याच्या आधीच्या शतकातला पाऊस शोधायचा तर झाडांच्या खोडातली वलयं, गुहांमधल्या चुनखडीच्या थरांतले ऑक्सिजनचे समस्थानिक आणि माझ्यासारखीने वाचलेले सुटीचे कागद, यांवरच बराचसा भर द्यावा लागतो. वलयं पाहून वर्ष कोरडं होतं की ओलं ते कळतं. गाव उठून गेलं हे कागदच सांगतो. १०५४ साली चिनी दरबारी ज्योतिष्यांनी आकाशात 'पाहुणा तारा' दिसल्याची नोंद केली नसती तर त्याच ताऱ्याच्या स्फोटातून उरलेल्या खेकडा तेजोमेघाचं वय आज इतकं नेमकं सांगता आलं नसतं. तिथे खगोलशास्त्रज्ञाला जुनी चिनी लिपी वाचणाऱ्याचा हात धरावा लागला.

तर फरक आहे का? आहे, आणि तो तुमचे घरचे म्हणतात तिथे नाही. प्रत्येक विषयाने स्वतःची चूक पकडायची आपापली रीत बसवली आहे. विषय ओळखायचा तो या रीतीवरून. रसायनात तोच प्रयोग दुसऱ्या शहरात करून पाहता येतो. माझा रुमाल जगात एकच आहे, त्यामुळे मला एका कागदासमोर दुसऱ्या जातीचा पुरावा उभा करावा लागतो. बडोद्यातल्या आपल्या प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकि रामायणाची चिकित्सक आवृत्ती काढली, ती सात कांडं १९६० ते १९७५ या काळात छापून झाली. त्यात उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या, वेगवेगळ्या लिप्यांतल्या पोथ्या श्लोकाश्लोकाला ताडून पाहिल्या आहेत आणि वगळलेले पाठ तळटीपांत ठेवले आहेत. संपादकाचा निर्णय पटला नाही तर तुम्ही त्याच पानावर त्याच्याशी भांडू शकता. याहून उघडी प्रयोगवही मला माहीत नाही.

समाजशास्त्राचं आणखी वेगळं. एम. एन. श्रीनिवास यांनी १९५१ साली इथे बडोद्यात समाजशास्त्राचा विभाग सुरू केला. पुढे १९७० मध्ये ते स्टॅनफर्डला असताना जाळपोळीत कर्नाटकातल्या एका गावावरच्या त्यांच्या टिपणांच्या तिन्ही प्रती जळाल्या. त्यांनी ते गाव आठवणीतून लिहून काढलं आणि आठवणीतून लिहिलंय हे वाचणाऱ्याला सांगितलं. आता भौतिकशास्त्रातल्या हिग्ज या मूलकणाच्या वस्तुमानावरचा २०१५ चा शोधनिबंध घ्या: लेखक ५,१५४, पानं ३३, त्यांतली २४ लेखकांच्या आणि संस्थांच्या नावांचीच. श्रीनिवास एकटे आणि हे पाच हजार, दोन्ही संशोधनच.

आणि प्रयोग म्हटला की तो पक्का, हेही सोडून द्या. २०१५ मध्येच मानसशास्त्रातले १०० प्रसिद्ध झालेले अभ्यास पुन्हा करून पाहिले, तर ठळक निष्कर्ष पुन्हा मिळाला तो ३६ टक्क्यांत.

आता कडवट बोलते. साहित्यात 'अमक्यांच्या कादंबऱ्यांतील स्त्रीचित्रण' छापाचे जे प्रबंध निघतात, त्यांतल्या बहुतेकांना मी संशोधन म्हणत नाही. लेखकाचं नाव बदललं की पुढचा प्रबंध तयार. आपण चुकू शकतो अशी जागाच त्यात कुठे नसते. पण विज्ञानातही अमक्या झाडाच्या पानांच्या अर्कातून चांदीचे नॅनोकण, मग तमक्या झाडाच्या पानांच्या अर्कातून, अशा निबंधांचा ढीग पडलाय. तिथे उपकरणांचा रकाना भरगच्च असतो म्हणून त्याला कोणी वाचन म्हणत नाही. हा अन्याय आहे आणि मी तो प्रत्येक बैठकीत बोलून दाखवते.

२००९ साली वेंकटरामन रामकृष्णन यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं तेव्हा काकांनी पेढे आणले होते, बडोद्याचा मुलगा म्हणून. मी त्यांना म्हटलं, काका, हा मुलगा आपल्या विद्यापीठातून १९७१ ला भौतिकशास्त्राचा बीएस्सी झाला, अमेरिकेत डॉक्टरेट भौतिकशास्त्रात केली, मग पुन्हा विद्यार्थी होऊन जीवशास्त्र शिकायला बसला आणि रायबोसोमच्या रचनेवर नोबेल मिळालं ते रसायनाचं. कुंपणं कुठे राहिली? काका म्हणाले, 'तो सगळा वेळ विज्ञानातच फिरला, तुझ्या मोडीकडे नाही आला.' त्या शनिवारच्या हिशेबालाही ते शेवटपर्यंत 'ते गणित होतं' असंच म्हणत राहिले. मी आजही म्हणते की ते संशोधन होतं, आणि त्या दुपारी ते माझ्या काकांनी केलं होतं.

तुमच्या प्रश्नाकडे येते. वळा. रसायन शिकलात ते वाया जात नाही: कागद, शाई, रंग, मातीची भांडी, सगळ्यांना रसायन लागतं, आणि आपल्याकडे पुरातत्त्वाचा विभागही आहे. मात्र वळण्याआधी एक प्रश्न ठरवा, विषय नव्हे. 'मराठ्यांचा इतिहास' हा विषय झाला. 'या गावाची सुटी कोणत्या वर्षाची' हा प्रश्न झाला. आणि त्या प्रश्नाचं उत्तर चुकलं तर ते कशाने कळेल, हे एका वाक्यात लिहून काढा. लिहिता आलं नाही तर मार्गदर्शक शोधायला इतक्यात निघू नका.

पैशांचं आधीच सांगायला हवं होतं. नेट-जेआरएफ, म्हणजे नेट परीक्षेतून मिळणारी संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहेत आणि ते विज्ञानाला तेवढेच इतिहासाला. ती नसेल तर इतिहासात दिवस कठीण जातात, घरच्यांची ती काळजी खोटी नाही. त्यांच्याशी 'वाचन' या शब्दावरून भांडा, पैशांवरून नको. माझा अनुभवही एका शाखेचा आहे, अर्थशास्त्र किंवा मानसशास्त्रातल्या लोकांनाही विचारा.

मोडी शिकायची असेल तर आधी शाळेच्या कित्त्यासारखी वळणदार पानं घ्या, मगच दफ्तरातले कागद. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद मोडीत धरत नाहीत, शब्द तोडत नाहीत, त्यामुळे पहिले सहा महिने ओळच्या ओळ अडते. रोज एक पान मोठ्याने वाचा आणि चुकलेलं खोडताना एकच रेघ मारा, खालचं अक्षर दिसलं पाहिजे. काकांच्या प्रयोगवह्यांत तसंच असायचं. एका महिन्यात मोडी येते असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, मला दोन वर्षं लागली.