"मघाशीच केली अंघोळ!"

प्रश्न : सासूबाई 78 वर्षांच्या आहेत, अल्झायमर आहे. अंघोळीचं नाव काढलं की "मघाशीच केली" म्हणतात. हाताला धरून नेलं तर ओरडतात. परवा मला चावल्या. काय करावं?

उत्तर : त्या खोटं बोलत नाहीत, त्यांच्या लेखी अंघोळ झालेलीच असते. म्हणून "कधी केलीत?" हा वाद आधी सोडा. "पाणी काढलंय, चला" एवढंच म्हणा आणि हात पुढे करा.

चावण्यामागे बहुतेक वेळा भीती असते. कुणीतरी कपडे काढतंय, थंडी वाजतेय, त्यात डोक्यावर पाणी पडलं की काय चाललंय तेच कळत नाही. म्हणून पाणी पायांपासून सुरू करा, मग हात, मग पाठ. डोकं सगळ्यात शेवटी किंवा सरळ दुसऱ्या दिवशी. खांद्यावर मोठा टॉवेल राहू द्या आणि धुवायचा तेवढाच भाग उघडा. पाणी 37-38 अंश असावं. तुमच्या कोपराला कोमट लागलं पाहिजे. त्यांच्या हाती ओला रुमाल द्या, हात गुंतलेले राहतात. सूचना एका वेळी एकच.

टॉवेल, साबण, कपडे आधीच मांडून ठेवा. मध्येच आणायला गेलात तर त्या ओल्या फरशीवर एकट्या उठतील. बसायला पायांना रबरी टोपणं असलेली खुर्ची हवी. पायांखाली न घसरणारी मॅट घाला, पण काळी नको. तो चौकोन त्यांना खड्डा वाटू शकतो. दाराची आतली कडी काढून टाका.

नकार वाढला की थांबा आणि अर्ध्या तासाने पुन्हा विचारा. रोज अंघोळ झालीच पाहिजे हा हट्ट आपला असतो. आठवड्यातून दोनदा पूर्ण अंघोळ पुरते. बाकीच्या दिवशी तोंड, काखा, जांघा आणि पाय पुसून घ्या, कातडीच्या घड्या नीट कोरड्या करा.

नकार दोन-चार दिवसांत अचानक सुरू झाला असेल तर मात्र दुखणं, बद्धकोष्ठता किंवा लघवीचा संसर्ग आहे का, हे डॉक्टरांना लगेच दाखवा.

प्रश्न : स्मृतिभ्रंश झालेले बाबा रोज संध्याकाळी "घरी जायचंय" म्हणत दाराशी उभे राहतात. झोपेची गोळी द्यावी का?

उत्तर : स्वतःहून देऊ नका. तोल जातो, गोंधळ वाढतो. सर्दी-ॲलर्जीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्यांचंही तेच.

अंधार पडायच्या आधीच दिवे लावा. सावल्या कमी झाल्या की अस्वस्थपणाही कमी होऊ शकतो. दुपारची झोप तासाच्या आत ठेवा, चहा-कॉफी दुपारनंतर नको. "हेच आपलं घर" असं पटवत बसू नका. "घरी कोण कोण आहे?" विचारा, बोलतं करा, बरोबर एक फेरी मारून आणा. भूक लागली आहे का, लघवीला जायचंय का, हेही तेव्हाच पाहा. पुष्कळदा "घरी जायचंय"चा अर्थ तेवढाच असतो.