देवकीची भीती

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमासाठी निवड झाल्याचा आनंद पहिल्या चार ओळींत संपला आणि पुढची दोन पानं काळजीची. अशा कार्यक्रमात एकदा नाव झालं की 'कॉमेडीवाली' हा शिक्का बसेल, मग गंभीर भूमिका कोण देणार, असं तू विचारतेस. आणि बँकेतल्या नोकरीचा राजीनामा आत्ताच द्यायचा का, हा दुसरा प्रश्न. दोन्ही वाचताना माझ्या डोळ्यांपुढे एकच बाई येत राहिली. रीमा लागू.

तुझ्या पिढीला ती 'हिरोची आई' म्हणूनच माहीत आहे. माझ्या पिढीने तिला आधी नाटकात पाहिलं. जयवंत दळवींच्या 'पुरुष'मधली अंबिका, मग 'सविता दामोदर परांजपे'. दुसऱ्या नाटकाने तर प्रेक्षक घरी गेल्यावरही भीतीने दिवा लावून झोपायचे. मूळ नाव नयन भडभडे, आई मंदाकिनी भडभडे रंगभूमीवरच्या, म्हणजे विंगेतला वास लहानपणापासून ओळखीचा. आणि तरीही १९७९ पासून साधारण दहा वर्षं ही बाई मुंबईत युनियन बँकेत नोकरी करत होती. नाटकं चालू, सिनेमातल्या छोट्या भूमिका चालू आणि नोकरीही चालू. आंतरबँक स्पर्धांमध्ये बँकेसाठी स्टेजवरही उभी राहायची. अशोक सराफांचीही अशीच बरीच वर्षं स्टेट बँकेत गेली. त्या काळात मराठी नाटकातली कितीतरी माणसं सकाळी खातेवही उघडायची आणि रात्री तिसरी घंटा ऐकायची.

तेव्हा तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते सोपं आहे. राजीनामा देऊ नकोस. बिनपगारी रजा मिळते का विचार, बदली मिळते का विचार. मालिकेचे पैसे काम केल्यावर साधारण ९० दिवसांनी हातात येतात हे तुला कुणी सांगितलं नसेल. म्हणजे पहिले तीन महिने तू रोज सेटवर असशील, लोक तुला ओळखायला लागतील, आणि घरभाडं मात्र साठवलेल्या पैशांतून जाईल. सहा महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय नोकरीला हात लावू नकोस. करारात दुसरीकडे काम करण्यावर बंदी किती काळाची आहे, ते कलम नीट वाच. समजलं नाही तर मला फोटो काढून पाठव. कॉलटाइम नऊचा असला तरी मेकअपला सातला बोलावतात, आणि शिफ्ट बारा तासांची म्हणतात ती बारा तासांत क्वचित संपते. शनिवारी बँक आणि मग रात्री शूट, असं करता येईल अशा भ्रमात राहू नकोस. रजा घे.

आता शिक्क्याचं.

१९८९ च्या अखेरीस 'मैंने प्यार किया' आला तेव्हा रीमाताई ३१ वर्षांची होती आणि पडद्यावरचा मुलगा सलमान खान २४ वर्षांचा. वयाच्या तिशीत आई. त्यानंतर आईच. दहा वर्षांनी 'वास्तव'मध्ये ती संजय दत्तची आई झाली, आणि तो तिच्यापेक्षा जेमतेम वर्षभराने लहान. यातला अन्याय मला दिसतो. त्याच वयाचे नट तेव्हा नायक म्हणून झाडाभोवती फिरत होते. तिला किती वाईट वाटलं असेल त्यावर मी बोलणार नाही, ते तिचं होतं. पण शिक्का बसायचा तो असाही बसतो, हे लक्षात घे. 'गंभीर' समजल्या जाणाऱ्या कामानेही तो बसतो. हिंदी सिनेमाने तिला एक चौकट दिली, माया करणारी आणि डोळे पुसणारी. त्या चौकटीच्या बाहेरचं सगळं तिने कुठे केलं? टीव्हीवर, विनोदात.

१९९४ हे साल बघ. ऑगस्टमध्ये 'हम आपके हैं कौन' आला, त्यात ती माधुरीची आई. त्याच वर्षी दूरदर्शनवर 'श्रीमान श्रीमती', त्यात ती कोकी. आणि त्याच वर्षी सचिन पिळगावकरांच्या दिग्दर्शनाखाली 'तू तू मैं मैं', त्यात ती देवकी, सुप्रिया पिळगावकरची सासू. सासू-सुनेच्या वयात खरं अंतर ९ वर्षांचं! थिएटरात लोक तिच्याबरोबर रडत होते आणि घरी येऊन टीव्हीसमोर तिच्याबरोबर हसत होते. कुणालाही त्यात अडचण वाटली नाही. अडचण निर्मात्यांच्या डोक्यात असते, प्रेक्षकांच्या नाही.

कोकीबद्दल थोडं सांगते, कारण तिच्याकडे लोकांचं लक्ष कमी जातं. 'श्रीमान श्रीमती'त चार माणसं आहेत. जतीन कनाकियाचा केशव शेजारच्या सिनेमानटीवर भाळलेला. ती नटी, प्रेमा शालिनी, अर्चना पूरण सिंहची, मोठ्या आवाजाची आणि मोठ्या हातवाऱ्यांची. तिचा नवरा दिलरुबा, राकेश बेदी, कोकीवर भाळलेला. तिघेही सुटलेले असतात. कोकीने पण तसंच सुटायचं ठरवलं असतं तर त्या घरात नुसता गोंधळ उरला असता. ती जमिनीवर उभी राहते. ती घरातल्या बाईसारखी बघते, थांबते, विचारते, म्हणून बाकीच्यांचं वेड आपल्याला वेड म्हणून दिसतं. हशा बहुतेक वेळा केशवला मिळतो. पण तो तयार झालेला असतो तिच्या नजरेत. अशा भूमिकेला आपल्याकडे 'फीडर' म्हणतात आणि नाक मुरडतात. तुला पहिल्या काही भागांत तशीच भूमिका मिळेल. मिळू दे. मन लावून कर.

माझ्याकडून यात एक मोठी चूक झाली होती. माझ्या पहिल्या व्यावसायिक फार्समध्ये मी मोलकरीण होते. दुसऱ्या अंकात एका ज्येष्ठ नटाचं लांब वाक्य असायचं आणि मी मागे फर्निचर पुसत असायचे. एका प्रयोगाला मी फडक्याकडे बघून तोंड वाकडं केलं, प्रेक्षक हसले. पुढच्या प्रयोगाला जरा जास्त केलं, जास्त हसले. सहाव्या-सातव्या प्रयोगानंतर ते मेकअप रूममध्ये आले, शांतपणे खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "पोरी, माझं वाक्य आज मागच्या रांगेपर्यंत गेलं नाही. त्यात पुढच्या पंचची चावी होती. पंच पडला, तुला कळलं का?" मला कळलं नव्हतं. मी खाल्लेला हशा पुढच्या मोठ्या हशातून कापला गेला होता, आणि नाटक अख्ख्या अंकभर लंगडत होतं. ते रागावले नाहीत म्हणून ते वाक्य मला आजही आठवतं.

थिएटरातलं टायमिंग प्रेक्षक शिकवतात. हशा चढत असतो तोवर तोंड उघडायचं नाही. तो उतरायला लागला, पूर्ण विझायच्या आत पुढचं वाक्य टाकायचं. विझू दिला तर खोली थंड पडते. पन्नास प्रयोगांत अंगात भिनतं हे. टीव्हीवर तो शिक्षक नसतो. 'श्रीमान श्रीमती'सारख्या मालिकांत हशा नंतर ध्वनिफितीवरून घातला जायचा; सेटवर कॅमेरामन, लाइटवाले, स्पॉटदादा, सगळे चिडीचूप. म्हणजे जो हशा अजून जन्माला आलेला नाही त्याच्यासाठी तुला जागा सोडायची आहे. ही जागा नाटकातून आलेल्या नटाला आतून ऐकू येते. म्हणून तुला सांगते, कार्यक्रम सुरू झाला तरी एकांकिका सोडू नकोस. वर्षातून एक तरी प्रयोग जिवंत माणसांसमोर कर, मग तो तालुक्याच्या गावी पत्र्याच्या मांडवात का असेना.

मला या पत्रात तुला जे सगळ्यांत आधी सांगायचं होतं ते आता सांगते.

देवकी कशाने भांडते ते आठव. ती सुनेला टोमणे मारते, सून तिला परतवते, प्रसंग क्षुल्लक असतो. पण देवकीला स्वतःला ती गमतीशीर बाई आहे असं एकदाही वाटत नाही. तिला भीती आहे. हे घर तिने उभं केलं, इथल्या प्रत्येक डब्यात काय आहे हे तिला ठाऊक आहे, आणि कालपरवा आलेली मुलगी ते हातातून काढून घेणार. ही भीती रीमाताईने पूर्ण खरी धरली. तिच्या आवाजात कुठे 'बघा मी किती मजेशीर' असं येत नाही. समोर सुप्रियाताईनेही सुनेचं, राधेचं, म्हणणं तितकंच खरं धरलं. या दोघींपैकी एकीने जरी प्रेक्षकांना डोळा मारला असता तरी ती मालिका वर्षभरात विसरली गेली असती. ती चालली १९९४ पासून थेट २००० पर्यंत, आधी दूरदर्शनच्या मेट्रो वाहिनीवर आणि मग स्टार प्लसवर.

आता 'वास्तव' घे, १९९९ चा. तिथली आईही तीच भीती घेऊन उभी आहे. घर, मुलगा, सगळं हातातून निसटतंय. शेवटी ती स्वतःच्या मुलावर गोळी झाडते. त्या प्रसंगात आणि देवकीच्या स्वयंपाकघरातल्या भांडणात अभिनयाचा फरक किती आहे, हे तू दोन्ही लागोपाठ बघून मला सांग. मी कितीदा तरी पाहिलं आहे. भीती तितकीच खोल आहे. पणाला काय लागलंय त्याचा आकार बदलतो, एवढंच. कढई लागली असेल तर आपण हसतो, जीव लागला असेल तर आपला श्वास अडकतो. त्यामुळे 'गंभीर भूमिका की विनोदी' हा तुझा प्रश्न नटीने विचारायचा नाहीच. तू पात्राची भीती शोध. ती सापडली की लेखक तुला कुठल्या खोलीत उभं करतो ते त्याचं त्याने बघावं.

निर्मिती सावंतचंही तेच. टीव्हीवरच्या विनोदी गंगूबाईने तिला महाराष्ट्रभर नेलं, आणि २०२१ मध्ये 'झिम्मा'त तिची निर्मला कोंडे-पाटील पाहताना थिएटरातल्या बायका हसता हसता पदराने डोळे टिपत होत्या. मी शेजारीच बसले होते. नवऱ्याशी फोनवर बोलणाऱ्या त्या बाईत गंगूबाई कुठे गेली असं कुणी विचारलं नाही.

एक गोष्ट मात्र कठोरपणे सांगायची आहे. तुझी उंची, तुझा रंग, तुझं वजन यांवर स्किटमध्ये वाक्यं येतील. पहिलं वाक्य येईल तेव्हा सगळे म्हणतील, गंमत आहे गं, मनाला लावून घेऊ नकोस. एका मालिकेत माझ्या जाडेपणावर सलग कितीतरी भाग वाक्यं लिहिली गेली. मी हसत राहिले, कारण काम हवं होतं. घरी माझी मुलगी पाचवीत होती, तिला वर्गात तीच वाक्यं ऐकवली जात होती, आणि हे मला वर्षभराने कळलं. ते दुःख अजून गेलेलं नाही. तू पहिल्याच वाक्याला थांब. भांडू नकोस; लेखकाला बाजूला घे आणि विचार, "यात माझ्या पात्राला काय हवंय?" जाडेपणावरच्या वाक्याला या प्रश्नाचं उत्तर नसतं. चांगला लेखक दहा मिनिटांत दुसरं वाक्य देतो, बहुतेक वेळा आधीपेक्षा बरं. न देणारा भेटला तर त्या दिवशी मला फोन कर, कितीही वाजले असले तरी.

आईला कसं समजवायचं, हेही विचारलंयस. त्यांना माझा नंबर दे. मी बोलते.

रीमाताई १८ मे २०१७ ला गेली, साठीही गाठली नव्हती. शेवटपर्यंत 'नामकरण' मालिकेत काम करत होती, आणि त्यात तिची भूमिका प्रेमळ आईची नव्हती. करारी, कडवट दयावंती मेहता होती. म्हणजे पडद्याने घातलेली चौकट ती अखेरपर्यंत टीव्हीवर मोडत होती.

येत्या रविवारी दुपारी चारला माझ्याकडे ये. 'तू तू मैं मैं'चा कुठलाही एक भाग आधी आवाज बंद करून बघ, आणि देवकी बोलत नसते तेव्हा तिचे डोळे कुठे असतात ते वहीत लिहून आण. मग सासू-सुनेचा एक प्रसंग आपण दोघी वाचू. सासू मी वाचेन. तुला सून, आणि पहिल्या वाचनात तुला एकही वाक्य नाही. फक्त ऐकायचं. घरी कुणी नसेल, त्यामुळे मोठ्याने भांडता येईल. चहाला आलं आण, माझ्याकडचं संपलंय.

तुझी,
ताई