अमेरिकेतील मोठ्या आतड्याचा कर्करोग आणि वंशानुसार दिसणारी तफावत

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. अमेरिकेत कृष्णवर्णीयांना मोठ्या आतड्याचा कर्करोग अधिक का होतो, हा आनुवंशिक दोष आहे का, ही पहिली. आणि ज्यांच्या सख्ख्या भावाच्या आजाराचे निदान ४८व्या वर्षी झाले, त्या आपल्या ४१ वर्षांच्या कृष्णवर्णीय सहकाऱ्याने आता काय करावे, ही दुसरी. मी डॉक्टर नाही. तिथल्या एका रुग्णालयाच्या पचनविकार विभागात मी बरीच वर्षे पेशंट नॅव्हिगेटर होतो, म्हणजे तपासणीची तारीख ठरल्यापासून ती पार पडेपर्यंत रुग्णाच्या वाटेतले अडथळे दूर करणे हे माझे काम होते. त्या अनुभवाच्या आधारे लिहितो.

आकडे गंभीर आहेत. गोऱ्या अमेरिकनांच्या तुलनेत कृष्णवर्णीयांमध्ये या रोगाचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी, तर त्याने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी जास्त आहे. मला दुसरा आकडा अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण रोग जितका जास्त होतो त्याहून मृत्यू अधिक होत असतील, तर निदान उशिरा होते आहे किंवा उपचार अपुरे पडत आहेत, असाच त्याचा अर्थ निघतो. मूळ अलास्कावासीयांची स्थिती याहून वाईट आहे. त्यांच्यातील प्रमाण गोऱ्यांच्या दुपटीहून अधिक असून ते जगातील सर्वाधिक प्रमाणांपैकी एक आहे. तिथल्या बहुतेक वस्त्यांना जोडणारा रस्ताच नसल्यामुळे दुर्बिणीच्या तपासणीसाठी, म्हणजे कोलोनोस्कोपीसाठी, छोट्या विमानाने शहर गाठावे लागते.

आनुवंशिकतेविषयी बोलायचे तर, काही कुटुंबांत हा रोग पिढ्यान्‌पिढ्या येतो हे खरे आहे, परंतु तसे प्रत्येक वंशात घडते. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या स्टीफन ओ'कीफ यांच्या गटाने २०१५ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या प्रश्नावर बराच प्रकाश टाकतो. दक्षिण आफ्रिकेच्या ग्रामीण भागात हा रोग अत्यंत विरळ आहे. तिथल्या २० आणि पिट्सबर्गमधील २० कृष्णवर्णीयांच्या आहाराची दोन आठवडे अदलाबदल केली, तेव्हा चोथायुक्त आहार मिळालेल्या अमेरिकनांच्या आतड्यांतील दाह कमी झाला, आणि मांस व चरबीयुक्त आहार घेणाऱ्या आफ्रिकनांमध्ये धोक्याच्या खुणा वाढल्या. प्रयोग लहान होता आणि त्यात प्रत्यक्ष कर्करोग नव्हे, तर त्याकडे नेणारे बदल मोजले होते, हे लक्षात ठेवायला हवे. तरीही पूर्वज आफ्रिकेतलेच असलेल्या दोन समूहांत इतका फरक दिसत असेल, तर सगळा भार रक्तावर टाकता येत नाही.

हा रोग बहुधा पॉलिपपासून, म्हणजे आतड्याच्या आतील अस्तरावर उगवलेल्या लहानशा गाठीपासून सुरू होतो, आणि त्या गाठीचा कर्करोग व्हायला साधारण दहा वर्षे लागतात. ती वेळेत काढली तर रोग टळतो. रोग आतड्यापुरता असताना सापडला तर पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास असते. दूरच्या अवयवांत पसरल्यावर ते १५ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे या रोगात वेळ भरपूर मिळतो, आणि तो वेळ कोणाचा कुठे वाया जातो यावर तफावत ठरते.

तो कसा वाया जातो हे मी जवळून पाहिले आहे. विष्ठेच्या चाचणीत रक्तांश सापडलेले एक कृष्णवर्णीय गृहस्थ माझ्याकडे आले होते. कोलोनोस्कोपीच्या आदल्या संध्याकाळी चार लिटर रेचक द्रावण प्यायचे, दुसऱ्या दिवशी कामावर जायचे नाही आणि गुंगीचे औषध दिलेले असल्यामुळे घरी न्यायला ओळखीचे प्रौढ माणूस हवे. टॅक्सी चालत नाही. त्यांना पगारी रजा नव्हती आणि सोबत येणारे कोणी नव्हते. दोनदा तारीख रद्द झाली आणि दोन्ही वेळा नोंदीत ‘रुग्ण आला नाही’ एवढेच लिहिले गेले. सात महिन्यांनी तपासणी झाली तेव्हा गाठ कर्करोगाची निघाली होती. ती आधीच तशी होती का, हे कोणालाच सांगता येणार नाही, पण ते सात महिने माझ्या मनातून जात नाहीत. ‘हे लोक तपासणी टाळतात’ असे वाक्य ऐकले की मला ती नोंद आठवते.

डेलावेअर राज्याने नेमक्या याच अडचणींना हात घातला. विमा नसलेल्यांच्या तपासणीचा व उपचाराचा खर्च उचलला आणि नॅव्हिगेटर नेमले. २००२ ते २००९ या काळात तपासणी झालेल्या कृष्णवर्णीयांचे प्रमाण ४८ वरून ७४ टक्क्यांवर, म्हणजे गोऱ्यांच्या बरोबरीला आले. त्यांचा मृत्युदर लाखामागे ३१ वरून १८ वर उतरून गोऱ्यांच्या जवळ पोहोचला. लोकांची जनुके सात-आठ वर्षांत बदलत नसतात. उत्तर कॅलिफोर्नियात कायझर पर्मनेन्टे या आरोग्य विमा व उपचार पुरवणाऱ्या संस्थेने विष्ठेच्या चाचणीचे संच घरपोच पाठवले, आणि तिथेही मृत्युदरातील अंतर २०१९पर्यंत जवळजवळ मिटले.

आता आपल्या सहकाऱ्याविषयी. सर्वसाधारण तपासणीचे वय २०२१ मध्ये ५० वरून ४५ वर आणले गेले, पण तो नियम त्यांना लागू नाही. सख्ख्या भावाला साठीच्या आत हा रोग झाला असेल, तर ४०व्या वर्षी किंवा भावाच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षे आधी, यांतील जे लवकर येईल तेव्हा तपासणी सुरू करायची असते. त्यांच्या बाबतीत ते वय ३८ होते, म्हणजे तीन वर्षे उलटून गेली आहेत. त्यांनी विष्ठेच्या चाचणीवर न थांबता थेट कोलोनोस्कोपी मागावी, भावाचे निदानाचे वय डॉक्टरांना स्पष्ट सांगावे, आणि भावाच्या गाठीची लिंच सिंड्रोमसाठी, म्हणजे या कर्करोगाचा धोका वाढवणाऱ्या एका आनुवंशिक दोषासाठी, तपासणी झाली होती का, याची चौकशी करावी. तपासणीच्या दिवशी त्यांना घरी सोडायला कोणी नसेल, तर आपण जावे.