बेल्ट टेस्टला पूमसे विसरतो, म्हणून क्लास सोडावा का?

"घरी एकही चूक न करता करतो, टेस्टला उभा राहिला की सगळं विसरतो. क्लास बंद करू का?" तायक्वांदो शिकणाऱ्या मुलांचे पालक हा प्रश्न नेहमी विचारतात. पूमसे म्हणजे किक, ब्लॉक अशा हालचालींची ठरलेल्या क्रमाची मालिका. आठवीतल्या एका मुलाची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

चौथा पूमसे, म्हणजे तेगुक सा जांग, त्याला टेस्टमध्ये अर्ध्यावर आठवेना. बरोबरीची मुलं पुढच्या बेल्टला गेली. तेव्हापासून बाबा रोज मोबाइलवर त्याचं शूटिंग करून लगेच चुका दाखवत होते.

मी त्याला माझ्याच खोलीत पूमसे करायला सांगितला. सुरुवात छान झाली. एकापाठोपाठ दोन साइड किक, मग दोन्ही हातांचा ब्लॉक, आणि वळायच्या वेळी त्याची नजर काहीतरी शोधू लागली. तो थांबलाच. म्हणाला, "मॅडम, घरी इथे कपाट येतं."

पाठांतर झालं होतं, पण ते त्या खोलीला चिकटलं होतं. हॉलमध्ये कपाट नाही, वर परीक्षक बघताहेत. अशा वेळी मूल एकेक हालचाल मुद्दाम आठवू लागतं आणि सवयीने सहज येणारंही अडतं. मूल ढ आहे किंवा मनाने कच्चं आहे, असा याचा अर्थ मुळीच नाही.

मी त्याला सा जांगच्या चिन्हाचा अर्थ विचारला. "मेघगर्जना," तो पटकन म्हणाला. थिअरीसाठी घोकलेलं उत्तर. हे अर्थ नुसते घोकून घेतले जातात याचं मला फार वाईट वाटतं, कारण मुलाला आधार त्यांचाच असतो. तेगुकच्या आठ पूमसेंना आठ चिन्हं आहेत: आकाश, सरोवर, अग्नी, मेघगर्जना, वारा, पाणी, पर्वत, पृथ्वी. यातली आकाश, पृथ्वी, पाणी आणि अग्नी ही चार दक्षिण कोरियाच्या झेंड्यावरही दिसतात. प्रत्येक चिन्हात तीन आडव्या रेषा, काही अखंड, काही मधे तुटलेल्या. आणि पूमसेत आपण जमिनीवर अशाच तीन रेषांवरून फिरतो.

त्याने कागदावर तीन रेषा काढल्या आणि सगळा पूमसे नुसत्या बोटाने चालून पाहिला. कुठल्या रेषेवर काय येतं, कुठे वळायचं, हे तोच मला समजावू लागला. मेघगर्जनेच्या चिन्हात मोठी शक्ती आणि भारदस्तपणा मानतात, हे मी सांगितल्यावर जरा विचार करून म्हणाला, "मग त्या किक घाईत मारायच्या नसणार." तो तिथेच घाई करत होता.

बाबांना सांगितलं, काही दिवस शूटिंग बंद. रोज वेगळ्या भिंतीकडे तोंड करून सराव, कधी मधल्याच रेषेपासून सुरुवात. अडला तर पहिल्यापासून करायला लावायचं नाही, कारण त्याने अडल्यावर थांबायचीच सवय लागते. उभं राहायचं, श्वास सोडायचा, पुढच्या रेषेपासून चालू. आणि क्लास सोडायचा का हे त्यालाच विचारा, पण नापास झाल्याचं दुःख ताजं असताना नको.

पुढच्या टेस्टलाही तो त्याच वळणावर क्षणभर अडला. मग वळला आणि शेवटच्या किहापपर्यंत, म्हणजे जोरात द्यायच्या आरोळीपर्यंत गेला. पास झाला. आता पाचवा, वाऱ्याचा पूमसे चालू आहे. बाबा फोनवर सांगत होते, तो नव्या जागी अडतो, पण आता ते चूक दाखवत नाहीत, एवढंच विचारतात, "कुठल्या रेषेवर आहेस?"