कोपऱ्यात सिलिकॉनच भरा, पण ट्यूब नीट वाचून घ्या

थोडक्यात तुमची अडचण अशी, की बाथरूमच्या कोपऱ्यांतलं व्हाइट सिमेंट दोनदा भरूनही निघून आलं. आता फरशीवाला म्हणतो एपॉक्सी (टाइल्सच्या सांध्यांत भरायचा, रेझिनचा कडक होणारा माल) भरू, हार्डवेअरवाला सिलिकॉनची ट्यूब पुढे करतोय. कोपऱ्यांपुरतं दुकानदाराचं ऐका. बाकी सांध्यांबाबत फरशीवाल्याचं बरोबर आहे.

एकाच भिंतीवरच्या शेजारशेजारच्या टाइल्स जवळपास एकत्रच हलतात, त्यामुळे त्यांच्यामध्ये एपॉक्सी उत्तम. कोपऱ्यात मात्र दोन वेगळ्या भिंती भेटतात, खाली भिंत आणि स्लॅब भेटतात. ऊन, पाऊस, गिझरचं गरम पाणी, सगळ्यांनी ही मंडळी आपापल्या दिशेने हलतात. हालचाल केसभर, पण कडक मालाला तीही सोसत नाही. सिमेंट तडकतं, एपॉक्सी स्वतः नाही तडकलं तर टाइलची कड सोडतं. आमच्याकडे तीनदा व्हाइट सिमेंट भरून झालं. तिसऱ्यांदा पडलेली भेग इतकी सरळ होती की कोणी पट्टी लावून आखली असावी. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

आता सिलिकॉन कुठलं? लावताना आंबूस, व्हिनेगरसारखा वास येतो ते अ‍ॅसिटिक. काच आणि सिरॅमिक टाइलला ते चालतं, स्वस्तही असतं. पण त्यातलं आम्ल संगमरवर खातं, आरशामागचा मुलामाही खराब करतं. आपल्याकडे बाथरूमचा उंबरठा बऱ्याचदा मार्बलचा असतो, म्हणून मी सरळ ‘न्यूट्रल’ लिहिलेलं घेतो. सोबत ‘सॅनिटरी’ किंवा ‘अँटी-फंगल’ हे शब्द हवेतच. एकदा पन्नास-साठ रुपये वाचवायला ‘जनरल पर्पज’ घेतलं. जूनमध्ये भरलं आणि गणपतीत पाहुण्यांसमोर काळे ठिपके! बुरशी आत शिरली की वरून कितीही घासा, जात नाही. अँटी-फंगल ट्यूबमधल्या बुरशीनाशक औषधाचा असरही कायमचा नसतो, तेव्हा एक्झॉस्ट फॅन चालवायचा कंटाळा करू नका.

अ‍ॅक्रिलिक सीलंट स्वस्त आणि रंगवता येणारा, पण तो दाराच्या चौकटीला. सतत पाणी पडतं तिथे टिकत नाही. पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट गच्चीच्या सांध्यांना छान, बाथरूममध्ये पांढरा भरला तर पिवळा पडतो. घेताना ट्यूबवरची एक्सपायरी बघा. जुना माल सुकतच नाही, चिकट राहतो.

खरी मेहनत भरण्याआधीची. जुनं सिलिकॉन असेल तर कटर ब्लेडने पूर्ण खरवडा, कारण जुन्यावर नवं धरत नाही. सिमेंटही खोलवर काढा. मग स्पिरिटने पुसा आणि कमीत कमी एक दिवस बाथरूम कोरडं ठेवा. घरात एकच बाथरूम असेल तर आधी शेजाऱ्यांशी बोलून ठेवा, हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये. फट खोल असेल तर आत फोमची दोरी (बॅकर रॉड) दाबा. माल दोन बाजूंनाच चिकटला पाहिजे, तळालाही चिकटला तर ताणायला जागा राहत नाही आणि तो फाटतो.

दोन्ही बाजूंना मास्किंग टेप, एका दमात रेघ, साबणाच्या पाण्यात बोट बुडवून एकदाच फिरवायचं आणि वरची कातडी धरण्याआधी टेप ओढायची. पुन्हापुन्हा बोट फिरवलंत तर रेघेचा चिखल होतो. मग किमान 24 तास पाणी नाही. सिलिकॉन हवेतली ओल घेऊन बाहेरून आत सुकतं, दिवसाला साधारण 2 ते 3 मिमी, त्यामुळे जाड थराला जास्त थांबा.

280 मिलीची ट्यूब 5 बाय 5 मिमीच्या सांध्याला सुमारे 11 मीटर जाते. तुमचं 4 बाय 7 फुटांचं बाथरूम, दार वगळून खालची कड आणि 7 फूट उंचीचे चार कोपरे मिळून साडेचौदा मीटर होतं. दोन ट्यूब घ्या.

खालच्या मजल्यावर ओलेपणाचा डाग असेल तर तो मात्र याने जाईल असं समजू नका. पाणी बहुतेकदा नहाणी ट्रॅपच्या (फरशीतल्या जाळीखालचा पाणी जायचा भाग) भोवतीने किंवा पाइपच्या जोडातून जातं, त्यावर वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलवावं लागेल, आणि ते आधी. नाहीतर टाइल्स फोडताना नवीन सिलिकॉनही जाईल.