भग्न बुरूज आणि दूरचा उजेड

प्रश्न : इंग्लिश चित्रकार जॉन कॉन्स्टेबलच्या ‘हॅडली कॅसल’ या पडक्या किल्ल्याच्या चित्राची छापील प्रत समोर ठेवून २४ × १८ इंची कॅनव्हासवर तैलरंगात नक्कल करतो आहे. मूळ चित्र सुंदर आणि उदास, दोन्ही वाटतं. माझं नुसतं काळवंडलंय. पत्नीच्या मृत्यूच्या दुःखात त्याने ते रंगवलं, असं वाचलं. मग रंग गडदच हवेत ना?

उत्तर : दुःख खरंच होतं. मारिया नोव्हेंबर १८२८मध्ये क्षयाने गेली, मागे सात मुलं. १८२९मध्ये हे चित्र लंडनच्या रॉयल अकॅडमीत लागलं. पण इंग्लंडच्या एसेक्समधले किल्ल्याचे हे बुरूज त्याने पाहिले होते १८१४ साली, लग्नाच्याही आधी, आणि तेव्हाचं छोटंसं पेन्सिल रेखाटनच पुढे कामी आलं. चित्राच्या शीर्षकात ‘वादळी रात्रीनंतरची सकाळ’ असे शब्द आहेत. सकाळ आहे, हे विसरू नका.

उदासी आहे ती उजेडाच्या जागेत. डावीकडचा फुटका बुरूज सावलीत आणि आपण त्याच्या पायथ्याशी. ऊन मात्र पार पलीकडे, थेम्सच्या मुखाशी पाण्यावर पडलंय. तुम्ही बहुधा सगळीकडेच सावली पसरलीत. सर्वांत गडद छटा बुरुजाच्या भेगांत आणि अगदी पुढच्या उतारावरच ठेवा. समुद्राची कड त्याहून चार-पाच पायऱ्या उजळ हवी.

ढगांना काळा रंग नको, आकाश मेल्यासारखं दिसतं. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) साधारण समसमान घेऊन त्यात पांढरा मिसळा. दूरच्या ढगांसाठी निळा थोडा वाढवा, जवळच्यांसाठी सिएना. बुरुजाच्या कडा सुरीने कापल्यासारख्या करू नका. एक बाजू ठळक, दुसरी आकाशात विरलेली. किल्ला चिकणमातीच्या घसरत्या उतारावर आहे, भिंती त्यामुळेच ढासळल्या. तेव्हा पट्टी लावून उभ्या रेघा मारलेला बुरूज इथे खोटा वाटतो.

प्रश्न : मूळ चित्रातले पांढरे ठिपके मारायला गेलो की राखाडी चिखल होतो.

उत्तर : खालचा थर ओला आहे, म्हणून. ओल्या रंगावर ब्रश घासला की पांढरा खालचा रंग उचलतो. सुरुवातीला बर्न्ट अंबर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून अख्ख्या कॅनव्हासला उबदार तपकिरी छटा द्या; हा थर दोनेक दिवसांत हाताला कोरडा लागतो. त्यावर मोठे आकार रंगवून किमान आठवडा थांबा, कारण टायटेनियम व्हाइट सावकाश वाळतो. मग न पातळ केलेला पांढरा पॅलेट नाईफच्या (रंगकामाच्या बोथट, लवचिक सुरीच्या) टोकावर घेऊन हलकेच टेकवा आणि उचला. ओढायचं नाही. गवताची ओली पाती, ढगाची कड, सीगल पक्षी, एवढ्याच जागा. सगळीकडे शिंपडलंत तर बर्फ पडल्यासारखं दिसेल (कॉन्स्टेबललाही समकालीनांनी याच ठिपक्यांवरून टोमणे मारले होते).

जवसाचं तेल वरच्या थरांतच वाढवत न्या. खाली तेलकट आणि वर पातळ थर असेल तर पुढे तडे जातात.

प्रश्न : मूळ चित्र कुठे आहे?

उत्तर : अमेरिकेत, न्यू हेवनच्या येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्टमध्ये. त्याच मापाचं तैलरंगातलं कच्चं चित्र लंडनच्या टेट संग्रहात आहे. नक्कल शिकायला आम्ही तेच सुचवू. त्यात ब्रश आणि सुरी कुठे कशी फिरली, ते उघडं दिसतं.